रिकाम्या गादीचा इतिहास

आमच्या माजरीत कोळशाच्या खाणींमुळे साऱ्या देशातली माणसे येऊन राहिली आहेत. क्वार्टरच्या एकाच ओळीत तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी आणि केरळी घरे सापडतात. अशाच एका केरळी शेजाऱ्यांच्या बैठकीत येशूच्या तसबिरीखाली एका बिशपांचा फोटो लावलेला होता. हे नागपूरचे का, असे मी सहज विचारले. शेजारी म्हणाले, "नाही भाऊ, आमचे बिशप बल्लारशाला असतात." नागपूरला आर्चबिशप आहेत एवढे मला ठाऊक होते. मग चांद्याचा बिशप वेगळा कशाला, आणि तो केरळच्या परंपरेतला कसा? त्यावर ते जे बोलले त्या एका वाक्याने मला पुढची काही वर्षे कामाला लावले. ते म्हणाले, "पूर्वी आमच्याकडे काकानंतर पुतण्या बसायचा. पोर्तुगीज आले आणि सगळे बिघडले."

काका-पुतण्या म्हटले की मराठी माणसाला शनिवारवाडाच आठवतो. पण चर्चमध्ये काकानंतर पुतण्या? आमच्या गावात संदर्भग्रंथांचे दुकान नाही की मोठे ग्रंथालय नाही. पॅसेंजरने चांद्याला जायचे, नागपूरला जायचे, हाती येईल ते उतरवून आणायचे, असा माझा अभ्यास. त्या अभ्यासाचा रोख एकाच प्रश्नावर राहिला: धर्मपीठाचा प्रमुख वारला की त्याच्या जागी कोण बसणार, हे कोण ठरवते? आणि ठरेपर्यंत गादी रिकामी राहते, त्या काळात काय घडते?

'गादी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. लॅटिनमध्ये खुर्चीला कॅथेड्रा म्हणतात आणि बिशपची खुर्ची ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. म्हणजे बसण्याच्या वस्तूवरून अधिकाराला नाव देण्याची रीत तिकडचीही आणि आपलीही. एका इलाख्याचा तो बिशप, आणि असे अनेक इलाखे मिळून जो प्रांत होतो त्याचा प्रमुख तो आर्चबिशप.

आपल्याकडच्या गाद्यांचे दोन दाखले आधी डोळ्यांपुढे ठेवू. चिंचवडला मोरया गोसावींची गादी सरळ वंशाने चालली, सात पिढ्या. १८१० मध्ये थेट वंश खुंटला तेव्हा दूरच्या एका नातलगाला बसवण्यात आले, कारण इनामे चालू राहायची तर 'देव' कोणी तरी हवाच होता. दुसरा दाखला समर्थांचा. ते आजन्म अविवाहित. त्यांच्यानंतर मठाच्या कारभारावरून शिष्यांत तेढ पडली, आणि पुढे अधिकार गेला तो त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत यांच्या वंशाकडे. गुरू संसारी असेल तर मुलगा आणि ब्रह्मचारी असेल तर भावाचे घर, असा हा न सांगता चालणारा कायदा आहे. शिष्यत्व कितीही थोर असले तरी रक्त कुठून तरी वाट काढतेच.

०००

हाच कायदा युरोपच्या पार पश्चिमेला, आयर्लंडमध्ये, मध्ययुगात चालू होता हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. आर्मा हे तिथले सर्वांत मानाचे धर्मपीठ, संत पॅट्रिकचे. तिथल्या प्रमुखाला 'पॅट्रिकचा वारस' म्हणत. ९६६ पासून ही वारसदारी क्लान शिनाख नावाच्या एकाच घराण्यात राहिली. गादीवरची ही मंडळी लग्ने केलेली होती, त्यांनी धर्मगुरूची दीक्षाही घेतलेली नसे. मठाच्या जमिनी, उत्पन्न आणि मान त्यांच्याकडे. दीक्षा देण्यासारखी जी कामे बिशपानेच करायची ती करायला एक दीक्षित बिशप हाताशी ठेवलेला. आपल्याकडे इनाम खाणारा एक आणि पूजा करणारा दुसरा असतो, तशी ही व्यवस्था.

१९०० सालच्या आसपास लिहिलेल्या पुस्तकांत या मंडळींना सरसकट भ्रष्ट ठरवलेले दिसते. मला ते पटत नाही. दीडशे वर्षे लुटालुटीच्या काळात त्यांनी पीठ उभे ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे.

घराणेशाही मोडली तीही घराण्यातल्याच माणसाने. ११०५ मध्ये केलाख गादीवर आला. त्याने रीतसर दीक्षा घेतली आणि तो खराखुरा बिशप झाला. ११११ मध्ये राथब्रेसल येथे सभा भरून आयर्लंडची बिशपांच्या इलाख्यांत वाटणी झाली आणि आर्मा व कॅशेल अशा दोन आर्चबिशपांच्या गाद्या ठरल्या. ११२९ मध्ये केलाख वारला. जाताना त्याने आपला वारस म्हणून घराण्याबाहेरच्या मालाखीचे नाव सांगितले. घराणे ते ऐकते कशाला! त्यांनी आपला मुर्खर्ताख बसवला. मालाखीला नाव होते, गादी नव्हती. ११३४ मध्ये मुर्खर्ताख वारला, तर घराण्याने नीअल नावाचा दुसरा पुढे केला. मालाखी आर्मात शिरला तेव्हा नीअल पळाला. पण पळताना त्याने दोन वस्तू बरोबर नेल्या: 'येशूची काठी' म्हणून पुजली जाणारी रत्नजडित काठी आणि आर्माचा जुना ग्रंथ. मालाखीचे चरित्र लिहिणारा त्याचा मित्र संत बर्नार्ड वैतागून सांगतो की या दोन वस्तू ज्याच्या हाती, त्यालाच भोळे लोक बिशप मानत.

मला यात लोकांचे भोळेपण दिसत नाही. पादुका, दंड, झोळी ज्याच्याकडे त्याचा मठ, हे आपल्याकडच्या कोणत्याही यात्रेत उभे राहून बघावे. वारसा दाखवायला कागद सगळ्यांना वाचता येत नाही, काठी दिसते. मालाखीला त्या वस्तू मिळवाव्याच लागल्या. त्या मिळवून, पीठ स्थिर करून ११३७ मध्ये त्याने गादी सोडली आणि डेरीच्या मठाधिपतीला, गिला मेक लिआग याला, तिथे बसू दिले. पुढे ११५२ मध्ये केल्स येथील सभेत रोमचा प्रतिनिधी चार आर्चबिशपांची अधिकारवस्त्रे घेऊन आला: आर्मा, कॅशेल, डब्लिन आणि टूअम. रक्ताच्या जागी रोमचा शिक्का आला.

तरी गोष्ट इथे संपत नाही. ११६९ पासून इंग्लंडचे नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले. डब्लिनचा आयरिश आर्चबिशप लोर्कान ११८० मध्ये परदेशात वारला आणि त्याच्या जागी इंग्रज राजाने आपला माणूस, जॉन कमिन, बसवला. पुढची काही शतके डब्लिनची गादी इंग्रजी मर्जीतल्या माणसांकडेच राहिली. १२१७ मध्ये तर राजाच्या नावाने हुकूम निघाला की आयर्लंडच्या कोणत्याही कॅथेड्रलवर आयरिश माणूस निवडू नये. पोपने १२२० मध्ये तो रद्द ठरवला. हुकूम कागदावरून गेला, वागणुकीतून जायला फार काळ लागला.

म्हणजे तीन पद्धती झाल्या: रक्त, आधीच्याने सांगितलेले नाव, आणि बाहेरच्या सत्तेचा हुकूम. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या तिन्ही एकाच शतकात एकमेकींवर आदळल्या.

०००

केरळचे ख्रिस्ती स्वतःला येशूचा शिष्य थॉमस याचे म्हणवतात. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहेत. त्यांचे बिशप पश्चिम आशियातून, बॅबिलोनच्या पाट्रिआर्ककडून येत. परका बिशप, त्याला भाषा येत नसे, तो पूजा करी आणि दीक्षा देई. जमातीचा खरा कारभार आर्चडीकन या देशी अधिकाऱ्याकडे असे. ही जागा पकलोमट्टम घराण्याची आणि ती काकाकडून पुतण्याकडे जाई. माझे शेजारी म्हणत होते ते हेच. आर्मात घराण्यातला माणूस गादीवर आणि दीक्षित बिशप हाताशी. इथे बिशप गादीवर आणि घराणे शेजारी. कारभार दोन्हीकडे घराण्याचाच.

इथे एक अडचण सांगायला हवी. मराठी माणूस लगेच विचारील, पुतण्या की भाचा? भावाचा मुलगा की बहिणीचा? पोर्तुगीजांनी लिहिले आहे 'सोब्रिन्यु', आणि त्या शब्दात दोघेही येतात. आपल्या भाषेत ज्या भेदावर वतने फिरतात, तो भेदच त्या कागदांत पुसला गेला आहे. शेजारी पुतण्या म्हणाले, मीही तेच म्हणतो.

गोव्यात तोवर पोर्तुगालच्या राजाची पद्धत बसली होती. पोपने पूर्वेकडच्या सर्व चर्चांचा आश्रय पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. राजाने खर्च करायचा आणि त्या बदल्यात बिशपचे नाव राजाने सुचवायचे, पोपने शिक्कामोर्तब करायचे. १५३० च्या दशकात गोव्याला बिशपची गादी झाली. पहिला नेमलेला माणूस निघण्यापूर्वीच वारला, आणि प्रत्यक्ष पोहोचलेला पहिला बिशप जुआंव द आल्बुकेर्क १५३८ मध्ये आला. १५५८ मध्ये गोवा आर्चबिशपचे पीठ झाले. गास्पार द लिआंव पेरेरा हा पहिला आर्चबिशप १५६० मध्ये उतरला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पार चीनपर्यंतचा मुलूख या एका गादीच्या हाताखाली होता.

१५९७ मध्ये केरळचे शेवटचे बॅबिलोनी आर्चबिशप मार अब्राहम अंगमाळीला वारले. गादी रिकामी झाली, आणि नेमकी हीच वेळ गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी साधली. १५९९ च्या आरंभी ते स्वतः केरळात गेले, गावोगाव फिरले, आणि जूनमध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. बॅबिलोनशी संबंध तोडायचा, जुनी सुरियानी पुस्तके दुरुस्त करायची किंवा जाळायची, धर्मगुरूंनी लग्ने करायची नाहीत, असे सगळे एका आठवड्यात मंजूर करून घेतले. एक युरोपीय जेझुइट बिशप बसवला गेला आणि अंगमाळीचे मानाचे पीठ काही वर्षांसाठी गोव्याच्या हाताखालचे झाले. सभेतल्या धर्मगुरूंनी सह्या केल्या, पण मनाने कबूल केले नाही, हे पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवले.

१६५२ मध्ये अहतल्ला नावाचे एक पूर्वेकडचे बिशप सुरतेला उतरले आणि तिथून मद्रासजवळच्या मैलापूरला पोहोचले. केरळच्या लोकांना वाटले, आपला बिशप आला. पोर्तुगीजांनी त्यांना ताब्यात घेतले आणि गोव्याला नेले. जहाज कोचीवरून गेले तेव्हा हजारो लोक किनाऱ्यावर जमले होते, पण भेट होऊ दिली नाही. त्यांना बुडवून मारल्याची अफवा उठली. ती खरी नव्हती, त्यांना पुढे युरोपला पाठवले. पण ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला जमलेल्या जमावाने एका क्रुसाला दोर बांधून, तो दोर धरून शपथ घेतली की यापुढे या जेझुइटांचे ऐकणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आलंगाड येथे बारा धर्मगुरूंनी आर्चडीकन थोमाच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्याला आपला बिशप केले. बिशपला बिशपच करू शकतो हा नियम त्यांना ठाऊक होता. पण करणारा बिशप आणायचा कुठून? समुद्राची वाट तर दुसऱ्याच्या हातात.

रोमने मग शहाणपणा केला. पोर्तुगीजांना वगळून कार्मेलाइट संन्यासी पाठवले. त्यांचा बिशप सेबास्तियानी याने १६६३ मध्ये, डचांनी कोची घेऊन त्याला देश सोडायला लावला तेव्हा, जाता जाता परंबिल चांडी या देशी धर्मगुरूला बिशप केले. हा चांडी थोमाच्याच नात्यातला. एका घराण्यातले दोघे, दोन बाजूंना. चर्च फुटले ते फुटलेच. थोमाच्या शाखेत गादी पकलोमट्टम घराण्यात पुढे दीडशे वर्षे चालली. आणि रोमकडे राहिलेल्या शाखेला १६८७ मध्ये चांडी वारल्यावर १८९६ पर्यंत आपल्या जमातीतला प्रमुख मिळाला नाही. मधला एकच अपवाद, त्याकडे पुढे येतो.

०००

हे सगळे चालले होते तेव्हा गोव्याच्या गादीवर कोण होते? कोणीच नाही. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटून स्वतंत्र झाले. स्पेनच्या दडपणाखाली पोपने नव्या पोर्तुगीज राजाला मान्यता दिली नाही, म्हणून त्याने सुचवलेल्या बिशपांवर शिक्काही मारला नाही. १६५२ मध्ये आर्चबिशप फ्रान्सिस्कु दुश मार्तिरिश वारले. पुढचा आर्चबिशप, आंतोनियु ब्रांदांव, गोव्याला पोहोचला १६७५ मध्ये. मधे नेमलेला एक जण वाटेत समुद्रावरच वारला. तेवीस वर्षे! जावळी, प्रतापगड, सुरत, आग्रा आणि रायगडावरचा राज्याभिषेक, हे सगळे या तेवीस वर्षांत झाले, आणि जुन्या गोव्यातली ती खुर्ची रिकामी होती. वरिष्ठ धर्मगुरूंच्या मंडळाने कारभार ओढला.

याच काळात सीमेपलीकडे, आदिलशाहीतल्या डिचोलीत, एक गोवेकर बिशप ठाण मांडून बसला होता. मातेउश द कास्त्रू, दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला. त्याला धर्मगुरू व्हायचे होते. गोव्यात दाद लागली नाही. हे कोणत्या गोव्यात? जिथे १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापले गेले होते. चर्चला मराठी ओवी चालत होती. ओवी ज्याच्या घरची, त्याला वेदीपाशी उभे करताना हात आखडत होता. देशी धर्मगुरू अगदीच नव्हते असे नाही, सोळाव्या शतकापासून ते सापडतात, पण त्यांना दुय्यम कामांवर ठेवत आणि चांगली चर्चे युरोपीय संन्यासी मंडळांकडे असत.

मातेउश खुश्कीच्या मार्गाने इराणवरून, जेरुसलेमवरून रोमला गेला. १६२५ मध्ये पोहोचला. रोममध्ये नुकतेच, १६२२ मध्ये, प्रोपागांडा फिदे हे खाते सुरू झाले होते. धर्मप्रसाराचे काम राजांच्या हातून काढून आपल्याकडे घ्यायचे हा त्याचा हेतू. त्यांना असा माणूस हवाच होता. त्यांनी त्याला शिकवले, दीक्षा दिली आणि १६३७ मध्ये, पोर्तुगीजांना कळू न देता, बिशप केले. नावाला तो क्रिसोपोलिसचा बिशप, म्हणजे जिथे ख्रिस्ती कधीच उरले नव्हते अशा जागेचा. गावाशिवाय पाटीलकी. काम मात्र आदिलशाही मुलखाचे. पोर्तुगीज कागदांत त्या मुलखाला 'इदलकांव' म्हणतात. तो आपला आदिलखान.

गोव्याच्या आर्चबिशपने त्याचे बिशपपद मानले नाही. त्याने दीक्षा दिलेल्या गोवेकर तरुणांनाही मानले नाही. १६५३ मध्ये मातेउशने 'ब्राह्मणांचा आरसा' या नावाचे जळजळीत पत्रक लिहून गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना पोर्तुगीजांविरुद्ध चिथावले. केरळातली शपथ त्याच वर्षीची, हेही ध्यानात ठेवावे. १६५८ च्या सुमारास तो रोमला परतला तो कायमचा.

मातेउशला आज काही जण पहिला स्वातंत्र्यवीर म्हणतात. त्याची तक्रार न्याय्य होती यात शंका नाही. पण ती त्याने आपल्या जातीपुरतीच मांडली. ब्राह्मण श्रेष्ठ असून आम्हाला डावलता, हा त्याचा मुद्दा होता. डावलणेच चूक, हा नव्हे. हे न सांगता त्याचा गौरव करणे मला जमत नाही.

आणि त्याच्यानंतर? कानडा मुलखासाठी रोमने ज्याला बिशप केले तो तोमाश द कास्त्रू, मातेउशचा सोब्रिन्यु. घराणेशाहीवर रोमचा शिक्का! त्याच कानड्यात गोव्याच्या पीठाकडून १६८१ मध्ये पाठवलेला प्रतिनिधी होता जुझे व्हाझ, बाणावलीशी नाते असलेला, पुढे श्रीलंकेत काम करून २०१५ मध्ये संतपदाला पोहोचलेला. म्हणजे मंगळूरकडच्या साध्या ख्रिस्ती माणसापुढे दोन गोवेकर, दोन अधिकारपत्रे, आणि लग्न कोणाकडून लावून घ्यावे हा प्रश्न. चुकीच्या माणसाने लावलेले लग्न चर्च मानत नाही, म्हणून हा वाद अधिकाऱ्यांपुरता राहत नसे. तो घरात शिरे.

आता तो अपवाद. केरळचे करियाट्टिल जोसेफ आपल्या जमातीचे गाऱ्हाणे घेऊन रोम आणि लिस्बनला गेले. १७८२ मध्ये त्यांची क्रांगनूरचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली, लिस्बनमध्ये अभिषेक झाला. त्यांचे सोबती परेम्माक्कल थोमा यांनी या प्रवासाचे मल्याळममध्ये केलेले वर्णन, 'वर्तमानपुस्तकम्', हे भारतीय भाषेतले पहिले प्रवासवर्णन मानतात. परतीच्या वाटेवर करियाट्टिल गोव्याला उतरले आणि १७८६ मध्ये तिथेच वारले. केरळला आपला आर्चबिशप दिसलाच नाही. विषाचा संशय तिकडे अजून बोलला जातो, पुरावा नाही.

रिकाम्या झालेल्या त्या क्रांगनूरवर आणि तशाच मैलापूरवर गोवेकर धर्मगुरूंची आशा होती. काएतानु कोउतु आणि जुझे आंतोनियु गोन्साल्विश हे दोघे लिस्बनपर्यंत जाऊन आले, पण बिशपपद युरोपीयांनाच गेले. पुढच्याच वर्षी, १७८७ मध्ये, गोव्यात कट उघडकीस आला, ज्याला आपण पिंटोंचे बंड म्हणतो. ४७ जणांना पकडले, त्यांत धर्मगुरू बरेच. १७८८ मध्ये १५ जणांना पणजीत देहान्त शासन झाले. धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात पाठवले. बंडाची कारणे अनेक होती, शिपायांचीही होती, पण रिकामी गादी आणि डावललेला वारस हे त्यातले एक कारण खात्रीने होते.

०००

एकोणिसावे शतक मी भराभर ओलांडतो. मुंबईत इंग्रजांनी १७९४ मध्ये चर्चे वाटून दिली, काही गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या कार्मेलाइटांकडे. एकाच गल्लीत दोन बिशपांची रयत, अशी स्थिती १९२८ पर्यंत राहिली. मधे १८८६ च्या कराराने गोव्याच्या आर्चबिशपला पूर्वेचा पाट्रिआर्क ही पदवी मिळाली. पदवी जितकी मोठी, मुलूख तितका आक्रसलेला.

१९२८ चा तोडगा मात्र वाचण्यासारखा आहे. मुंबईला एकच आर्चबिशप करायचा, पण पाळीपाळीने: एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. जणू विहिरीच्या पाण्याची पाळी. पहिली पाळी पोर्तुगीज जेझुइट लिमा यांची. ते १९३६ मध्ये वारले. १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले. या माणसाला आपल्यानंतर काय होणार हे स्पष्ट दिसत होते: देश स्वतंत्र होऊ घातला आहे, आणि करारानुसार पुढचा आर्चबिशप पोर्तुगीज! त्यांनी खुर्ची सोडली नाही आणि तिच्यावर बसलेही नाहीत. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप केले, सारा कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईपासून दूर राहिले. गादी कागदावर भरलेली होती, म्हणून पोर्तुगालची पाळी सुरू होत नव्हती. इतिहासात रिकाम्या गादीचा फायदा घेणारे पुष्कळ सापडतात. गादी रिकामी न होऊ देता ती दुसऱ्यासाठी मोकळी करणारा मला हा एकच भेटला.

जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला. रॉबर्ट्स यांचा राजीनामा झाला आणि ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले. आईबाप गोव्याचे, जन्म कराचीचा. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले, भारतातले पहिले.

खुद्द गोव्यात त्याला आणखी वेळ लागला. १९६१ नंतर पाट्रिआर्क आल्व्हेर्नाझ पोर्तुगालला निघून गेले, पण पदवी १९७५ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मधली वर्षे गोवेकर धर्मगुरूंनी प्रशासक म्हणून कारभार केला. गादीवर गोव्याचा माणूस, राउल गोन्साल्विस, आर्चबिशप म्हणून बसला तो १९७८ मध्ये. १५५८ पासून मोजले तर ४२० वर्षे.

आणि चांदा? १९६२ मध्ये रोमने केरळच्या जुन्या परंपरेच्या, सिरो-मलबार चर्चच्या, हाती केरळबाहेरचा पहिला मिशन-मुलूख दिला, तो आमचा हा चांद्याचा जंगलपट्टा. ज्या परंपरेला १५९९ मध्ये गोव्याने आपल्या हाताखाली आणले होते, तिलाच. १९७७ मध्ये तिथे रीतसर बिशपचे पीठ झाले, गादी बल्लारशाला. गोव्याच्या गादीवर गोवेकर बसायच्या एक वर्ष आधी.

आता वारस कसा ठरतो? पोपचा दिल्लीतला राजदूत गुपचूप चौकशी करतो, तीन नावे रोमला जातात, पोप निवडतो. केरळच्या चर्चमध्ये बिशपांची सभाही यात असते. पंचाहत्तरी झाली की बिशपने राजीनामा पुढे करायचा, म्हणजे मरणाची वाट पाहावी लागत नाही. कधी कधी हयातीतच उत्तराधिकारी शेजारी बसवतात, युवराजासारखा. गादी फार काळ रिकामी राहू नये याची ही सारी तजवीज.

बल्लारशाच्या गादीवर १९७७, १९९० आणि २०१४ या साली जे तिघे बसले ते तिघेही केरळी घराण्यांतले. मी हे शेजाऱ्यांना बोलून दाखवले. म्हटले, तुमच्यावर परका बिशप लादला म्हणून तुमच्या पूर्वजांनी दोर धरून शपथ घेतली. आता आमच्याकडे मराठी, गोंडी बोलणारा बिशप कधी? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा नातू इथेच जन्मला. त्याला मल्याळम वाचता येत नाही, वऱ्हाडी मात्र तुमच्यापेक्षा बरी बोलतो. तो परका की इथला?"

नातू अंगणात सायकलची चेन बसवत होता. मी विचारले, काय रे, बिशप होतोस का? तो म्हणाला, "काका, आधी दहावी तर होऊ द्या न."